गॅसची गाडी मरतुकडी नसते

संपादक साहेब, आमच्या दारव्हा भागात पोट्टे म्हणतात एलपीजी गॅसवर गाडी दम सोडते, पण या गॅसमधल्या प्रोपेनचं ऑक्टेन (इंधन अवेळी पेटू न देण्याच्या गुणाचा आकडा) १०० च्या वर राहते, म्हणून जास्त कॉम्प्रेशनच्या (मिश्रण जास्त दाबणाऱ्या) नाहीतर टर्बोवाल्या इंजिनात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) लवकर होत नाही अन् ठिणगीचं टायमिंग पुढं घेता येते. हवेत गॅस मिसळणाऱ्या साध्या मिक्सर किटनं पॉवर थोडी जाते कारण गॅस हवेची जागा खातो, लिक्विड इंजेक्शनमध्ये (गॅस पातळ रूपातच आत सोडतात त्यात) मात्र उलट आत जाणारी हवा थंड होऊन दाट होते, म्हणून पॉवर टिकते. लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी, अ‍ॅव्हरेज पडते हे खरंच. पण बाप्पा, घरच्या लाल सिलिंडरमधून गाडीत गॅस भरू नका, ते बेकायदेशीर अन् जिवावरचं काम आहे. तालुक्याच्या गावी ऑटो एलपीजीचे पंप द्या, एवढंच मागणं.

— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ