रविवारच्या बैठकीआधी: नोकरीचं ना हरकत पत्र

नमस्कार मंडळी,

व्यवस्थापनात पीएचडी करू इच्छिणाऱ्या आपल्या सगळ्या नोकरदार सभासदांना आठवण. येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरला नेहमीच्या जागी भेटायचं आहे. येताना कंपनीच्या ना हरकत पत्राचा मसुदा आणा.

या पत्राला कृपया हलक्यात घेऊ नका. माझ्या पत्रात ‘आमची हरकत नाही’ एवढी एकच ओळ होती. विद्यापीठाच्या खिडकीवरून ते परत आलं आणि पुन्हा सही मिळेपर्यंत मुदत टळली, वर्ष गेलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ संशोधनाला कंपनीची परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीतल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळीक देऊ, या तिन्ही गोष्टी पत्रात स्पष्ट हव्यात. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं.

पीएचडीचा कालावधी किमान ३, कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २ मिळू शकतात. महिलांना त्याशिवाय २ वर्षांची जादा सवलत आहे. आपल्यातल्या ताईंनी हे जरूर लक्षात ठेवा, घरच्या जबाबदारीपायी अर्ज मागे ठेवू नका.

विषय एका पानात लिहून आणलात तर मला फार आनंद होईल. कच्चा असला तरी चालेल.