डफ वाजवणाऱ्याच्या नावाचं पान आम्हाला मिळालंच नाही

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या अल्बमच्या नऊ सीडींसोबत आलेल्या पुस्तिकेतली चार पानं गायब असणं, गीतांचे शब्द बदलून छापणं आणि साथीदार कलावंतांची नावं वगळणं याबाबत.

महोदय,

आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, पोरांच्या रॉक बँडचा नवा अल्बम आपल्या कंपनीने जानेवारीत बाजारात आणला. मी त्याच्या नऊ प्रती आगाऊ नोंदवल्या. एका प्रतीचे ४९९ प्रमाणे ४,४९१ रुपये त्याच दिवशी भरले. आमच्या गावाच्या पिनकोडवर आपली कुरिअर सेवा नाही, म्हणून पार्सल आणायला नागभीडला जावं लागलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तेवढी सवय आम्हाला आहे.

तक्रार पुस्तिकेची आहे. आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘सोबत १६ पानी पुस्तिका, सर्व गीतं आणि सर्व कलावंतांच्या नावांसह.’ आमच्या हाती आलेल्या पुस्तिकेत पान ६ नंतर थेट पान ११ येतं. मधली ७ ते १०, म्हणजे पिना मारतात तो अगदी मधला कागदच नाही. एका प्रतीत झालं असतं तर छापखान्यात नजरचूक झाली असं समजलो असतो. मी नऊही प्रती ओट्यावर मांडून एकेक उघडून पाहिल्या. नऊही सारख्याच.

त्या पानांवर काय होतं हे मला ठाऊक आहे. छपाईला देण्याआधी बँडच्या पोरांनी सगळी पानं मोबाईलवर आमच्या घरी दाखवली होती, नावं बरोबर लिहिली आहेत का हे विचारायला. पान ८ वर माझ्या मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, नाव होतं, पुढे ‘डफ’. त्याखाली तुणतुणंवाल्याचं. पान ९ वर धानाच्या रोवणीच्या गाण्यात झील धरणाऱ्या, म्हणजे मागून ओळ उचलून गाणाऱ्या, आमच्या गावातल्या सात बायांची नावं होती. मोठेबाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. उभी हयात दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, डफ वाजवला, पण छापील कागदावर त्यांचं नाव वाजवणारा म्हणून कधी आलं नाही. पार्सल फोडलं तेव्हा ते चष्मा पुसून बसले होते. दोनदा पानं उलटली आणि एवढंच विचारलं, नाव कोणत्या पानावर आहे. मला उत्तर देता आलं नाही.

हे ध्वनिमुद्रण कसं झालं हे आपल्यापर्यंत पोचलं नसावं, म्हणून सांगतो. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, पोरं माईक आणि मशीन घेऊन आमच्या अंगणात आली. दिवसा मळणीयंत्राचा आवाज थांबत नव्हता, म्हणून रात्री दोन वाजता काम सुरू केलं. दवाने डफाचं कातडं सैल पडायचं. दर दोन-तीनदा गाणं मुद्रित करून झालं की मोठेबाबा अंगणाच्या कोपऱ्यात जायचे, मूठभर तणीस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, पेटवायचे आणि डफ त्या आचेवर गोल फिरवून शेकायचे. बोटाने टिचकी मारून पाहायचे, नाही पटलं की पुन्हा आच. तुणतुण्याचा सूर गिटारच्या सुराशी जुळेना. तुणतुणंवाले म्हणाले, आमची तार अशीच लागते. तेव्हा गिटारवाल्या पोराने आपल्या सहाही तारा उतरवून त्यांच्या सुराला लावल्या, बेसवाल्यानेही तेच केलं. पाचव्या गाण्यात गिटार थोडी जड, खालची वाटते ती त्यामुळे. मला तर त्या अल्बममधलं ते सर्वांत चांगलं गाणं वाटतं. त्यात ड्रम नाही, सगळा ठेका डफाचाच आहे.

आणि आपली जाहिरात त्याच डफावर उभी आहे. आपण मोबाईलवर फिरवलेल्या छोट्या व्हिडिओत पहिले काही क्षण फक्त मोठेबाबांचे हात दिसतात. चेहरा नाही, नाव नाही. खाली ‘मातीतला आवाज’ असं लिहिलं आहे. गावातल्या पोरांनी हात लगेच ओळखले, उजव्या अंगठ्याजवळचा विळ्याचा वण सगळ्यांना माहीत आहे. ज्या हातांवर माल विकला त्या माणसाचं नाव पुस्तिकेतून जावं, हे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

दुसरी गोष्ट गीतांच्या शब्दांची. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. आम्ही डोळ्याला डोरा म्हणतो आणि पाण्याला पानी. पोरं तसंच गातात. मोबाईलवर दाखवलेल्या पानांत तसंच लिहिलेलं होतं. छापून आलेल्या पुस्तिकेत मात्र कोणीतरी सगळं ‘शुद्ध’ केलं आहे. तिसऱ्या गाण्यात ‘डोरा’ला ‘दोरा’ जुळतो. तिथे ‘डोळा’ छापल्यावर यमक तुटलं, आणि कानाला एक ऐकू येतं, डोळ्यांना दुसरं दिसतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीवर आयुष्य खर्ची घातलं. ती चुकीची मराठी नाही, आमची बोली आहे. त्यातच आपल्या ऑनलाइन यादीत या गाण्यांची भाषा ‘हिंदी’ दाखवली आहे. त्यामुळे मराठी गाणी शोधणाऱ्याला हा अल्बम सापडत नाही. यात नुकसान त्या पोरांचंही होतं.

मी ६ जानेवारीला ईमेल केला, पानांचे फोटो जोडले. चौथ्या दिवशी उत्तर आलं की ‘सीडी व्यवस्थित वाजत असल्याने उत्पादनात दोष आढळत नाही’, सोबत पुढच्या खरेदीवर १०० रुपयांची सूट, आणि तक्रार बंद. सीडी वाजते हे मी नाकारलंच नव्हतं. १६ पानांची किंमत घेऊन १२ पानं देणं हा दोष नाही तर काय आहे? ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं आपल्यावर बंधनकारक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ब मध्ये वादन-गायन करणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क दिला आहे, तोही एकदा नजरेखालून घालावा.

आमच्या भागात नावाचं महत्त्व काय आहे हे आपण एकदा इकडे येऊन पाहा. शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या वेळी, गावोगाव नाटकं लागतात. त्यांच्या पत्रकावर नायक-नायिकेखाली ऑर्गनवाला, तबलावाला, ऑक्टोपॅडवाला, सगळ्यांची नावं असतात. कोणाचं राहिलं तर ते पत्रक पुन्हा छापतात. याच झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी पेपर जपून ठेवला होता.

मला पैसे परत नकोत. गहाळ चार पानं मूळ शब्दांत, झाडीबोलीतच छापून आम्हाला आणि ज्यांनी ज्यांनी ही सीडी घेतली त्या सगळ्यांना पाठवा. १२ पानं आपण शुद्ध करून छापली आहेत, त्यांची दुरुस्तीही त्यातच द्या. ऑनलाइन यादीत प्रत्येक गाण्याखाली साथीदारांची नावं घाला. ते काम छापखान्याचं नाही, संगणकावर बसून करता येतं, आणि भाषा ‘मराठी’ करायलाही तेवढाच वेळ लागेल. आणि व्हिडिओखाली डफवाल्याचं नाव लिहा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावी नाटक आहे. रात्री पडदा उघडण्याआधी त्या सात बायांना आणि मोठेबाबांना मंचावर बोलावून एकेक सीडी द्यायचं गावाने ठरवलं आहे, नऊ प्रती त्यासाठीच घेतल्या होत्या, नववी माझी. सातपैकी तिघींना वाचता येत नाही. त्या नातवंडांकडून आपलं नाव वाचून घेणार आहेत. ती चार पानं त्याआधी नागभीडला पोचली पाहिजेत. नाही पोचली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि मी राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

बिलाची प्रत, पान ६ आणि ११ समोरासमोर असलेले नऊही पुस्तिकांचे फोटो आणि आपल्या जाहिरातीचं चित्र सोबत जोडलं आहे. मोठेबाबांच्या नावातलं पहिलं अक्षर दीर्घ आहे, ते ऱ्हस्व छापू नये.

आपला,
(सही)
ता. नागभीड, जि. चंद्रपूर
दि. २८ जानेवारी