विषय : ‘अमर्यादित’ प्लॅनची मर्यादा, न आलेले मेसेज आणि तुमच्या प्रतिनिधीची भाषा

ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

तुमच्या कॉल सेंटरशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. यापुढे फोन करणार नाही, जे काय ते लेखी.

आमच्या घरच्या ‘अमर्यादित’ म्हणवणाऱ्या इंटरनेट प्लॅनला महिन्याला ५०० जीबीची मर्यादा आहे. ती २० तारखेच्या आत संपली म्हणून तुम्ही स्पीड १०० वरून १ एमबीपीएसवर आणला. मालिका लावली की चित्राचे चौकोन होतात आणि मग नुसतं चाक फिरत राहतं. केबल काढा, टीव्ही आमच्या नेटवर बघा, सोबत ओटीटी ॲप देतो, असं सांगून तुम्हीच हा प्लॅन विकलात. टीव्हीला किती डेटा लागतो हे तुम्हाला ठाऊक नाही असं होऊच शकत नाही.

तरी हिशोब मांडते. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतो आणि फोर-केला ७ पर्यंत. आमचा टीव्ही फोर-के नाहीच. रोज चार तास एचडी धरलं तरी वीस दिवसांचे २४० जीबी होतात. मोबाइलवरचा किरकोळ वापर धरूनही ५०० कसे भरले?

हेच तुमच्या प्रतिनिधीला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, डेटा वापरात संपला.” कोणत्या तारखेला किती, ते सांगा म्हटलं. “सिस्टिममध्ये एकूणच दिसतं.” मग त्याने विचारलं, “घरात कोणी म्हातारं माणूस आहे का?” सासूबाई आहेत म्हटल्यावर म्हणाला, “मग त्याच टीव्ही चालू ठेवून झोपत असतील. त्यांच्या हातात रिमोट देऊ नका.” आणि त्याच दमात, “टॉप-अप टाकू का?”

फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करूनच झोपतात. त्यांनी काही न बोलता रिमोट टीपॉयवर ठेवला आणि विचारलं, “माझ्यामुळे संपलं का गं?” स्वतःच्या घरात त्यांच्यावर ही पाळी तुमच्या माणसाने आणली. कोणत्या अधिकाराने?

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१६ च्या निर्देशाप्रमाणे मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवायला हवं. आम्हाला एकही मेसेज आला नाही. बिलाचे, ऑफरचे मेसेज मात्र न चुकता येतात, म्हणजे नंबर तुमच्याकडे बरोबर आहे. निम्मा डेटा संपल्याचं वेळेवर कळलं असतं तर ॲपमध्ये चित्राचा दर्जा कमी करून महिना निभावला असता. एकही मेसेज नाही!

या महिन्याचा तारीखवार वापर लेखी द्या. तो देता येत नसेल तर स्पीड पूर्ववत करा आणि आधी घ्यायला लावलेल्या जादा डेटाच्या टॉप-अपचे पैसे जीएसटीसकट परत करा. त्या प्रतिनिधीने सासूबाईंची माफी मागावी. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तर तो ऐका.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर तुमच्या अपील प्राधिकरणाकडे आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सोसायटीत आमच्या शब्दावर ज्यांनी तुमचं कनेक्शन घेतलं, त्यांनाही हे पत्र दाखवणार आहे. तक्रार क्रमांक आणि टॉप-अपच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

एक ग्राहक, नाशिक