गॅसच्या गोळीचं पत्रक खोक्यातच राहतं : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य यांस
सविनय नमस्कार.

माझी आई सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं, हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत जेवणाचा पत्ता नाही. छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा शेजारणीने 'गॅसची गोळी' सांगितली, पॅन्टोप्राझोल 40. आई ती नऊ वर्षं रोज घेत होती. मेडिकलमध्ये चिठ्ठी कुणी कधी मागितली नाही.

गेल्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. तपासणीत बी-12 जीवनसत्त्व फार कमी निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, या गोळीने पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं दाबलं की अन्नातलं बी-12 अंगी लागत नाही; त्यात ती मधुमेहासाठी घेते ती मेटफॉर्मिनची गोळीही बी-12 कमी करते. घाबरून आईने गोळी एकदम बंद केली. आठवड्यात जळजळ दुपटीने उसळली, म्हणून पुन्हा सुरू. गोळी अचानक सोडली की आम्ल काही दिवस जास्तच तयार होतं, हे तिला कोण सांगणार?

औषध वाईट नाही. अल्सर असलेल्यांना, रक्तस्रावाचा धोका असून ॲस्पिरिन घ्यावी लागणाऱ्यांना ते लागतंच. पण साध्या जळजळीला बहुधा 4 ते 8 आठवडे पुरतात. फार काळ घेतल्यास मॅग्नेशियम घटू शकतं, हाडं मोडण्याचा धोका वाढतो असं अनेक अभ्यासांत दिसलंय. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते हा इशारा माहितीपत्रकात छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये सांगितलं होतं.

साहेब, ते पत्रक आईपर्यंत पोहोचणार कसं? स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या कागदात गुंडाळून मिळतात. पत्रक असलंच तर खोक्यात राहतं, तेही इंग्रजीत. आमच्या गल्लीत निम्म्या बायका तेलुगू वाचतात.

ही गोळी शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतली; ती चिठ्ठीशिवाय विकली जाते का, हे आपल्या निरीक्षकांनी आमच्या भागात येऊन पाहावं. आणि प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत पाटी लावायला सांगा : 'दोन महिन्यांहून जास्त घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून एकदम बंद करू नका.'

आईची गोळी डॉक्टर आता हळूहळू कमी करताहेत, सध्या एक दिवसाआड. शेजारच्या तीन घरांत ती अजून रोज चालू आहे.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी, सोलापूर