३७६ कुठून आले?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने आपल्या दैनिकात टीईटीवर, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवर, चाललेला पत्रव्यवहार मी इथे न्यू जर्सीत, रात्रीची भांडी आवरून झाली की मोबाइलवर वाचते. त्यात एका वाचकांनी लिहिलं होतं की अमेरिकेत पहिली-दुसरीच्या शिक्षकालाही मास्टर्स लागते, आणि आपल्याकडे साधी टीईटी द्या म्हटलं तर मोर्चे निघतात. मी इथे तिसरीच्या वर्गाला शिकवते. मास्टर्स करूनच प्राथमिक शिक्षिका झाले. तरी ते वाक्य वाचून हसू आलं, आणि नंतर माझ्या वहिनीची आठवण होऊन रागही आला.

आधी वस्तुस्थिती. मास्टर्स सगळ्यांना लागते असं नाही. न्यू जर्सीत किंडरगार्टन ते सहावी शिकवायचं तर पदवी, ठरलेलं प्रशिक्षण आणि परीक्षा एवढं पुरतं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात पुढचं, पक्कं प्रमाणपत्र हवं असेल तर काही वर्षांत मास्टर्स करावी लागते. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मास्टर्समधून शिक्षक होण्याची वाट मुख्यतः माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांची पहिली पदवी भलत्याच विषयातली आहे.

माझी बी.कॉम. आणि एम.कॉम. शिवाजी विद्यापीठाची. लग्नाआधी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात होते. २००८ साली एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले. त्या व्हिसावर तेव्हा शिकता यायचं, पण कमावता येत नसे. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा एक टप्पा पार पडला असेल तर एच-४ वाल्यांना कामाचा परवाना द्यायचा, हा नियम मे २०१५ मध्ये आला. तोवर एडिसनमधल्या आम्ही कितीतरी जणी इंजिनिअर, वकील, डॉक्टर असूनही एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जायच्या आणि मुलांच्या शाळेत फुकट मदतीला जायच्या. मला शिक्षक व्हावंसं वाटलं ते त्या मदतीतून. एरवी गुरुजींच्या घरात वाढलेली मुलगी, 'मी मास्तरीण होणार नाही' हे दहावीतच घरात जाहीर करून बसले होते.

चौकशी केली तेव्हा पहिला दणका बसला. तीन वर्षांची बी.कॉम. इथे चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरेनात. पदव्या तपासून देणाऱ्या संस्थेनं बी.कॉम. आणि एम.कॉम. मिळून इथली एक पदवी भरवली. पाच वर्षांचं शिक्षण चारात बसलं म्हणून मी सुस्कारा टाकला, तर पुढे आणखी एक अट निघाली. प्राथमिक शिक्षकाच्या पदवीत भाषा, इतिहास, विज्ञान, गणित अशा सर्वसाधारण विषयांचे ६० क्रेडिट हवेत. अकाउंटन्सी, कॉस्टिंग, ऑडिटिंग त्यात धरत नाहीत. एका सल्लागार बाईंनी माझी गुणपत्रिका पुढे ठेवली आणि पेन्सिलनं एकेक विषय खोडत गेल्या. ज्या विषयांत मला सर्वात जास्त गुण होते, ते सगळे गेले. राहिले इंग्रजी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि ज्याला आम्ही कॉलेजात कधी बसलोच नाही तो पर्यावरणाचा पेपर.

उरलेले क्रेडिट मी काउंटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तीन वर्षांत भरून काढले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची मुलं आणि मी छत्तिशीकडे झुकलेली. ते एक असो.

२०१७ च्या सप्टेंबरात मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंगला प्रवेश मिळाला. त्या काळात आम्हाला परीक्षा किती होत्या, ते आपल्या वाचकांना मुद्दाम सांगते. प्रवेशालाच वाचन-लेखन-गणिताची प्रॅक्सिस. मग भाषा, गणित, सामाजिक शास्त्रं, विज्ञान अशा चार भागांची दुसरी प्रॅक्सिस. यातल्या सामाजिक शास्त्रांनी मला रडवलं. शिवराज्याभिषेकाचं साल झोपेतही सांगेन, पण न्यू जर्सीत युरोपीय येण्याआधी कोण राहत होतं? लेनापे लोक. ते मी माझ्या चौथीतल्या मुलीच्या पुस्तकातून शिकले, तीच माझी परीक्षा घ्यायची. शेवटी एडटीपीए नावाचं प्रकरण. आपणच शिकवत असल्याचा व्हिडिओ काढायचा, प्रत्येक मुलाच्या पालकांची संमती घ्यायची, त्यावर ढीगभर लिहायचं आणि ३०० डॉलर भरून अनोळखी परीक्षकाकडे पाठवायचं. माझी त्यात एक आख्खी थंडी गेली.

गंमत पुढे आहे. ती एडटीपीएची सक्ती डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं कायदा करून काढून टाकली. वाचन-लेखन-गणिताची पहिली परीक्षासुद्धा जानेवारी २०२५ पासून रद्द झाली. शिक्षक मिळेनात, म्हणून एकेक परीक्षा गळत गेली. म्हणजे ज्या अमेरिकेचा दाखला देऊन आपल्याकडे परीक्षा मागतात, तिथलं निदान माझं राज्य परीक्षा कमी करतं आहे.

महाविद्यालयातून शिक्षक होणाऱ्यांसाठी त्यांनी एक गोष्ट मात्र काढली नाही. दुसऱ्याच्या वर्गात वर्षभर बसणं.

पहिल्या सत्रात किमान १७५ तास, दुसऱ्या सत्रात पूर्णवेळ, शाळा सुरू होण्यापासून सुटेपर्यंत. पगार शून्य. उलट त्या महिन्यांची विद्यापीठाची फी आपणच भरायची. माझ्याबरोबरची एक मुलगी दिवसभर वर्गात उभी राहून रात्री औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. हे अन्यायाचंच आहे आणि इथलं सगळं आदर्श आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. शिवाय इथे आडवाटही आहे. थोडं प्रशिक्षण घेऊन थेट नोकरीला लागायचं आणि उरलेलं शिकवता शिकवता पुरं करायचं. ती वाट न्यू जर्सीनंच १९८० च्या दशकात काढली. तिच्यावरून चांगले शिक्षकही आलेत आणि दिवाळीच्या आत पळून गेलेलेही.

माझ्या मार्गदर्शक बाई सत्तावीस वर्षं तिसरीलाच शिकवत होत्या. पहिले तीन आठवडे त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. मागे बस, मुलं काय बोलतात ते लिही, एवढंच काम. मला वाटायचं, एम.कॉम. झालेल्या बाईला ही तिसरीची वजाबाकी कसली शिकवतेय! ऑक्टोबरात एकदा त्यांनी मला वजाबाकीचा तास दिला. ४०२ वजा १७८. मी फळ्यावर छान रीत समजावली. शून्यातून उसने मिळत नाहीत म्हणून शतकाकडे जायचं, वगैरे. सगळ्यांच्या माना हलल्या. मग वह्या पाहिल्या तर एका मुलाचं उत्तर ३७६. मी लाल फुली मारली आणि तीच रीत त्याला पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितली. त्यानं पुढच्या गणितातही तेच केलं.

तास संपल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्याचे ३७६ कुठून आले?" मी म्हटलं, चुकलं त्याचं. त्या म्हणाल्या, ते मलाही दिसतंय, पण आले कुठून?

मला सांगता येईना. रात्री अण्णांना फोन केला. आमचे अण्णा सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षं गुरुजी होते, बरीचशी माण तालुक्यात. मॅट्रिकनंतर दोन वर्षांचं डी.एड., बाकी काही नाही. तिकडे सकाळ होती, चहा पीत होते. आकडे सांगितले आणि दोन सेकंदांत उत्तर आलं, "मोठ्या अंकातून लहान अंक काढतोय पोरगा. आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. त्याला वर-खाली काही नाही. काड्या आण." काड्या म्हणजे त्यांचे ते ज्वारीच्या ताटाचे तुकडे, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. लहानपणी ती पेटी आमच्या माळ्यावर असायची आणि तिच्यातून उंदीर निघायचे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतले शतक-दशकाचे ठोकळे त्या मुलापुढे ठेवले आणि यातून १७८ मला दे म्हटलं. त्याच्याकडे शतकाचे चार ठोकळे आणि सुटे दोन. तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून कपाटाकडे गेला, शतकाचा एक ठोकळा ठेवून दशकाचे दहा घेऊन आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला की सुटे अजून हवेत. मी काहीच सांगितलं नव्हतं.

हे मी कुठल्याही परीक्षेच्या तयारीतून शिकले नसते. मास्टर्सच्या पुस्तकांत मुलांच्या अशा चुकांवर आख्खं प्रकरण होतं, ते मी वाचलेलंही होतं आणि त्यावर 'ए' मिळवला होता. तरीही समोर ३७६ आले तेव्हा मी फुलीच मारली. पुढच्या वर्षी माझा स्वतःचा वर्ग सुरू झाला आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन तो संगणकाच्या चौकटींत गेला. तेव्हाही मला तारलं ते मुलांचं ऐकून लिहिण्याच्या त्या तीन आठवड्यांच्या सवयीनं. पहिल्या वर्षी प्रत्येक नव्या शिक्षकामागे एक अनुभवी शिक्षक ३० आठवडे असतो. त्याची ५५० डॉलर फी माझ्या पगारातून कापली होती. ती मात्र मला कधी खुपली नाही.

आता वहिनी. ती २००४ मध्ये शिक्षणसेवक म्हणून ३ हजार रुपये मानधनावर लागली. आज पंचेचाळीस वर्षांची आहे. द्विशिक्षकी शाळा, चार इयत्ता, एकतीस मुलं, त्यात पोषण आहाराचा हिशेब आणि रोजच्या ऑनलाइन माहित्या. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. ती रात्री दहानंतर गाईड घेऊन बसते. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, चार पर्यायांतून एक. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "ताई, पियाजेचे बालविकासाचे टप्पे पाठ झालेत, पण दुसरीतला एक मुलगा आठ दिवस आलेला नाही, त्याच्या घरी जायला वेळच मिळत नाही."

टीईटी नकोच असं मी म्हणत नाही. नव्यानं येणाऱ्याला मराठी आणि गणित येतं की नाही हे पाहायलाच हवं. बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरू नये, हा ११ ऑगस्ट २०२३ चा निकालही मला पटतो, कारण मोठ्या मुलांना शिकवण्याच्या तयारीवर लहान मुलांना शिकवता येत नाही. पण परीक्षेच्या गुणांना शिक्षकाची पात्रता मानायचं, तर २०१९-२० च्या टीईटी घोटाळ्यात पैसे देऊन वाढवलेल्या गुणांवर हजारो उमेदवार पात्र झाले होते, ते कसं विसरायचं? वहिनीला शिकवता येतं का, हे दीडशे गोळे काळे करून कळणार नाही. तिच्या वर्गात दोन दिवस बसलं तर कळेल.

आणि हे आपल्याकडे नव्यानं आणायचं नाही. अण्णांच्या वेळी सराव पाठ होते. त्यांची पाठाच्या टाचणांची वही अजून घरी आहे. १९६९ सालची, पानं पिवळी, आणि समासात त्यांच्या अध्यापकांनी लाल शाईनं लिहिलेलं: 'फळ्याकडे तोंड करून बोलू नये', 'उजवीकडील ओळीस एकही प्रश्न विचारला नाही'. म्हणजे कुणीतरी पूर्ण तास बसून ओळी मोजत होतं. आजही डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, नियमात २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा सराव, आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं ती अलीकडेच केली. तिला रोज ज्या वर्गावर शिक्षक नसेल तिथे पाठवायचे. मुलं शांत ठेवायची, एवढंच. वीस आठवड्यांत तिचा एक पाठ पाहिला गेला, तोही शेवटच्या आठवड्यात, फोटो काढण्यापुरता.

माझी मागणी साधी आहे. या वीस आठवड्यांत छात्राध्यापकाला एकाच शाळेत, एकाच अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली बसवा. त्या शिक्षकाला त्या काळात बाकीच्या कागदांतून सोडवा आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, अधिव्याख्यात्यांनी दर पंधरा दिवसांनी पूर्ण तास मागे बसावं आणि समासात लिहावं. जे आधीच नोकरीत आहेत त्यांच्यासाठीही परीक्षेबरोबर किंवा परीक्षेऐवजी असं काही करता येईल का, हा विचार शासनानं न्यायालयापुढे मांडावा.

हे पत्र लिहिण्याआधी मी वहिनीला विचारलं, तुझ्या वर्गात मागच्या बस्करपट्टीवर बसून तुझा तास शेवटचा कुणी पाहिला होता? तिला बराच विचार करावा लागला. म्हणाली, बहुतेक २००५ साली. विस्तार अधिकारी आले होते, चहा घेतला, हजेरीपटावर सही केली आणि पाऊस येतोय म्हणून लगेच निघाले.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
एडिसन, न्यू जर्सी (मूळ जिल्हा सातारा)