पंखांवरून ओघळलेले जाते कुठे?

संपादक महोदय,

युरोप-कॅनडात बर्फ पडू लागला, की तिकडून परतलेल्यांची एक तक्रार ठरलेली: ‘आम्हाला विमानात बसवून ठेवले आणि बाहेर पंखांवर पाणी मारत होते.’ माझी सगळी नोकरी मुंबईत सहार विमानतळावर विमानांच्या देखभालीत गेली. भाचा सध्या टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर हेच ‘पाणी’ मारायचे काम करतो. म्हणून हे पत्र.

ते नुसते पाणी नसते, त्यात ग्लायकॉल हे पाणी गोठू न देणारे रसायन असते. आधी गरम, पातळ, नारिंगी द्रव मारून साचलेला बर्फ उतरवायचा. मग हिरवा, दाट द्रव चढवायचा, म्हणजे उड्डाणापर्यंत नवा बर्फ धरत नाही. पंखावर बर्फाचा पातळ थर राहिला तरी विमानाला वर उचलणारा जोर घटतो, त्यामुळे इथे काटकसर नकोच. काळजी आहे ती खाली ओघळते त्याची. ग्लायकॉल ओढ्यात गेले, की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि ते पचवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मासे गुदमरतात. धावपट्टीवरचा बर्फ हटवायला तर पूर्वी सर्रास युरिया टाकत. त्यापासून अमोनिया होतो, तो माशांना विषच. अमेरिकेने २०१२ मध्ये मोठ्या विमानतळांना बजावले: युरिया बंद करा, नाहीतर सांडपाण्यातल्या अमोनियाची मर्यादा पाळा.

भाचा सांगतो, तिथे फवारणी ठरावीक जागीच होते आणि ओघळलेला द्रव जमिनीखालच्या टाक्यांत जातो. विमाने रांगेत थांबतात, पण ओढा वाचतो. म्युनिकला गोळा केलेले ग्लायकॉल शुद्ध करून पुन्हा विमानांवरच मारतात. हीथ्रोने असे पाणी स्वच्छ करायला पाणगवताचे वाफे केले आहेत.

मुंबईत बर्फ नाही, मग आपल्याला काय त्याचे? विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहत माहीमच्या खाडीला मिळते, हे विसरू नये. विमाने उभी राहतात तिथे इंधन, इंजिनचे तेल, हायड्रॉलिक तेल थेंबाथेंबाने सांडतेच. कितीही ट्रे लावा, भुसा टाका, काँक्रीटवर डाग उरतो आणि पहिल्या पावसात त्यावर रंगीत तवंग धरतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पावसाचे पाणी आपल्याकडे एका सरीत धो धो येते, तिकडच्या वितळणाऱ्या बर्फासारखे हळूहळू नाही. म्हणून ते अडवण्याची सोय इथे जास्त भक्कम हवी.

माझी मागणी साधी आहे. मिठी विमानतळाच्या हद्दीत शिरते तिथले आणि बाहेर पडते तिथले पाणी दर महिन्याला तपासावे. प्राणवायू किती, तेल किती, हे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाने लोकांसमोर ठेवावेत. सुरुवात येत्या पावसाळ्याआधी व्हावी.

– एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, मरोळ, मुंबई