दोष पिढीचा की वयाचा?

महोदय,

पंचविशीतली मुले एका नोकरीत टिकत नाहीत, त्यांच्यात चिकाटीच उरलेली नाही, असा सूर लावणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. निरीक्षण खरे आहे. त्याचे खापर या पिढीच्या माथी फोडणे मात्र पटले नाही.

अमेरिकेचे श्रम सांख्यिकी कार्यालय १९५७ ते १९६४ या काळात जन्मलेल्या काही हजार लोकांच्या नोकऱ्यांची नोंद १९७९पासून ठेवत आले आहे. १८व्या वर्षापासून पन्नाशी उलटेपर्यंत या मंडळींनी सरासरी बाराहून अधिक नोकऱ्या केल्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या पंचविशीच्या आत. म्हणजे आज साठी ओलांडलेल्यांनीही तेव्हा हेच केले होते. दोष असलाच तर तो वयाचा आहे.

शिवाय टिकायचे ते कशावर? सहा महिन्यांचे म्हणून सांगितलेले प्रोबेशन वर्ष उलटले तरी संपत नाही. रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘सकाळपर्यंत होईल ना?’ असा निरोप येतो, वर हसरा इमोजी! मी स्वतः सव्विशीतला. माझ्या वयाचे कितीतरी जण राजीनामा लिहून तो महिनोन्महिने ड्राफ्टमध्येच ठेवतात, कारण घरभाडे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता दोन्ही पगाराकडे डोळे लावून बसलेले असतात. एवढी चिकाटी लेखकमहाशयांना पुरत नसेल, तर नोकरी सोडलेल्या दोघा-चौघांना निदान कारण तरी विचारावे आणि मग पुढचा लेख लिहावा.

– एक वाचक